फळ्या जाळल्या तो आठवडा

गुरुवारी सकाळी सव्वानऊला राखवाला आला, तेव्हा थोरल्याने पहिल्या तीन फळ्या आपल्या हाताने उचकटून ठेवल्या होत्या. राखवाल्याला ते आवडलं नाही.

"खिळे वाकवलेत," तो म्हणाला. "खिळ्यालाही चिकटलेलं असतं, साहेब. आता तुम्ही खुर्चीत बसा आणि नुसतं बघा. बघण्याचे मी पैसे घेत नाही."

सोनारकामाचा जुना कारखाना बंद होतो तेव्हा त्याची लाकडी जमीन जाळतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. पण कानस चालली की सोन्याचा कीस उडतोच. थोडा मांडीवरच्या चामड्यात पडतो, थोडा कारागिराच्या बाह्यांत अडकतो आणि उरलेला खाली जातो. सत्तर वर्षांत लाकूड तो पिऊन बसतं. फळ्या जाळायच्या, राख धुवायची, मुशीत वितळवायची. तळाला उरेल ते मालकाचं.

मालक कोण, हा प्रश्न त्या आठवड्यात घरातल्या पाच माणसांनी पाच प्रकारे सोडवला.

जागा विकली गेली होती. सोमवारी किल्ल्या औषधांच्या दुकानवाल्याला द्यायच्या होत्या. बाबांची खाट मागच्या खोलीत होती, जिथे पूर्वी गिऱ्हाइकं बसत. डावी बाजू गेल्यापासून त्यांना जिना चढता येत नव्हता. भिंतीपलीकडे आपल्या वडिलांनी बसवलेली जमीन निघतानाचा आवाज त्यांनी गुरुवारी दिवसभर ऐकला. दुपारी जेवण नेलं तेव्हा म्हणाले, "दक्षिणेकडच्या कोपऱ्यात जास्त असेल. तिथे रेतकाम व्हायचं, कानशीचं." एवढंच.

हुकूम त्यांचाच होता. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला, सोमवारी, तिन्ही मुलांना खाटेशी बोलावून त्यांनी तो दिला होता.

"अकरा वर्षं मी प्रभुभोजन घेतलं नाही. का, ते तुमच्यातल्या एकानेही विचारलं नाही."

हे खरं होतं. चर्चमध्ये भोजनाच्या भाकरीचं ताट पुढे आलं की बाबा मान खाली घालून ते शेजाऱ्याकडे सरकवत. चर्चची मंडळी त्याला नम्रता म्हणत असे. पाळकांनी एकदा प्रवचनात नाव न घेता त्यांचा दाखलाही दिला होता. घडलं होतं ते वेगळंच. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या चष्म्याचा स्क्रू फटीत पडला आणि तो काढायला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फळी उचलली. खालची धूळ चमकत होती. कामात थोडी घट जायचीच, असं ते चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले होते. ती घट इथे निजलेली होती. दोन फळ्यांमध्ये नखाएवढी फट त्यांच्या वडिलांनी मुद्दाम ठेवली होती, हे त्यांना तेव्हा कळलं. किंवा कळत होतं ते तेव्हा नाकारता आलं नाही. त्यांनी फळी परत ठोकली. रविवारी ताट पुढे सरकवलं. सोमवारी पुन्हा त्याच जमिनीवर कारागिरांना घेऊन सकाळच्या प्रार्थनेला गुडघे टेकले आणि कामाला बसले. आणखी चार वर्षं बसले.

"ते लोकांचं आहे," बाबा म्हणाले. "कोणाकोणाचं, ते आता देवच जाणे. निघेल ते सगळं मंडळीच्या दवाखान्यातल्या त्या वॉर्डाला द्या, जिथून कोणी घरी जात नाही. ते झालं की पाळकांना भोजन घेऊन बोलवा. त्याआधी नको. मला हे अंगावर घेऊन तिकडे उभं राहायचं नाही."

"हो, बाबा," थोरला म्हणाला. तो मंडळीचा पंच होता आणि 'हो' म्हणायची त्याला सवय होती.

रविवारी उपासनेनंतर चौघं वरच्या स्वयंपाकघरात बसली. खुर्च्या दोनच उरल्या होत्या, म्हणून थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, आणि धाकटा बांधलेल्या खोक्यांवर टेकले. पाळक चारला येणार होते. त्यांना बाबांनी एवढंच कळवलं होतं की घरातलं एक काम उरकलं की यावं.

"मी सकाळीच बाबांना सांगितलं," थोरला म्हणाला. "काम झालं म्हणून."

"कुठलं काम?" चिमटीने विचारलं.

चिमटी मधली, वय पंचावन्न. लहानपणी आजोबांचा चिमटा पळवायची, त्यावरून पडलेलं नाव. आजोबा गेले, चिमटाही हरवला, नाव तेवढं राहिलं. तिने लग्न केलं नाही. पस्तीस वर्षं खालच्या कारखान्यात दागिन्यांना झिलई दिली आणि गेली काही वर्षं बाबांचं उठवणं-बसवणं केलं.

"देण्याचं," थोरला म्हणाला. "वॉर्डातल्या दानपेटीत टाकलं, नाव न सांगता. गाजावाजा न करता द्यावं, हे त्यांनीच आपल्याला शिकवलंय. पटलं त्यांना."

"आणि ते आहे कुठे?"

थोरल्याने कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला.

"निम्मं माझं," धाकटा म्हणाला आणि लगेच सावरला. "म्हणजे ताई, तुझंही आहेच त्यात. तीन भाग करायचे ठरलंय."

"गुरुवारी दोन ठरले होते."

"गुरुवारी तू रडत होतीस. रडणाऱ्या माणसाशी वाटणीचं कोण बोलतं?"

चिमटीला हसू आलं आणि त्याचा रागही आला. धाकट्याचं हे असंच. तो कोणाचंही वाईट चिंतत नसे. समोर येईल त्याला हात लावत असे, इतकंच.

थोरला स्वतःला चोर समजत नव्हता, हे नोंदवायला हवं. त्याच्या गोदामाचं छप्पर गळत होतं, मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं राहिली होती, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख तो वर्षभर पुढे ढकलत होता. ह्या सगळ्याबद्दल त्याने मनापासून प्रार्थना केली होती, आणि आठवड्याच्या आत फळ्यांखालून उत्तर निघालं होतं. ते नाकारणं त्याला कृतघ्नपणा वाटत होता.

"बाबांच्या समाधानाचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "समाधान त्यांना मिळालंय. सकाळी किती दिवसांनी हसले. ते आता काढून घ्यायचं का?"

"समाधान नव्हतं मागितलं त्यांनी. देऊन टाका म्हणाले होते."

"ताई, तिकडे म्हणे रस्तेच सोन्याचे आहेत," धाकटा म्हणाला. "आपल्या चिमूटभराने देवाला काय फरक पडतो?"

"मग तुला तिकडे जाईपर्यंत थांबता येत नाही?"

वहिनी इतका वेळ खोक्यावर ताठ बसून होती. ती ह्या घरात एकतीस वर्षांपूर्वी आली, तेव्हा बाबांनी लग्नाआधीच निरोप धाडला होता की आमच्या घरात दागिना घालत नाहीत. माणसाची शोभा आतली असते. तिच्या आईने दिलेलं सगळं मोडून चर्चच्या वाजवायच्या पेटीला भाते बसवले. सोनाराची सून असून तिचा गळा ओका आहे, हे बायका लग्नांतून तिच्या तोंडावर बोलल्या आणि ती हसत राहिली. ह्या घरात कष्ट केलेस का, असं तिला कोणी विचारलं असतं तर तिने काही सांगितलंही नसतं. पण गुरुवारी ती खाली उभी होती, फळ्या निघताना. एकतीस वर्षं आपण कशावरून चालत होतो ते तिने पाहिलं होतं.

"तुम्ही भावंडं शास्त्रावर बोला," ती म्हणाली. "मला एकच सांगायचंय. ह्या माणसाने माझ्या कानांतली कुडी उतरवली आणि पायाखाली हे ठेवलं. त्यांचा आत्मा शांत व्हावा, मी आड येत नाही. पण आमच्या जिवावर आता आणखी एकदा पुण्यवान होऊ देणार नाही."

चिमटी थोरल्याकडे वळली.

"किती निघालं?" चिमटीने विचारलं.

"काल संध्याकाळी राखवाल्याकडून मीच आणलं. तो म्हणाला, एवढंच. लाकूड जुनं, वाळवी लागलेलं," थोरला म्हणाला. "हे बघ चिमटे. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास नाही, मला माहीत आहे. ते तुला विचारतील. तू हो म्हण."

"मी खोटं बोलणार नाही."

"नको बोलूस. गप्प बस. ते काही तुला नव्याने शिकायला नको. नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून झाडू फटींच्या दिशेने कोण मारत होतं?"

"आजोबांनी तसं शिकवलं होतं."

"आणि चाळिसाव्या वर्षी?"

ती उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर नव्या दुकानाची पाटी आधीच आणून भिंतीला टेकवून ठेवली होती.

"बाबांना आम्ही नेतोय. उद्या दुपारपासून ताई कुठे असणार?" थोरल्याने धाकट्याला विचारलं. आवाज मऊ होता.

"आमच्याकडेच. जिन्याखालची खोली रंगवून घेतली की." धाकट्याने तिच्याकडे न बघता पुढचं उरकलं. "म्हणजे, सगळं नीट पार पडलं तर. माझ्या बायकोला तंटे सोसत नाहीत, तुला माहितीय."

चिमटीला ती खोली माहीत होती. तिने गेल्या महिन्यात ती पावलांनी मोजलीही होती. खाट मावत होती, कपाट मावत नव्हतं.

"मी बाबांचे कपडे बदलते," ती म्हणाली.

बाबांची दाढी तिने सकाळीच केली होती. तिने त्यांना उशांना टेकवून बसवलं, निर्जीव डावा हात आधी बाहीत घातला, मग उजवा. पांढरा सदरा त्यांना आता दोन मापांनी मोठा होत होता.

"आज मला हलकं वाटतंय," बाबा म्हणाले. तोंडाची एकच बाजू हलायची, तरी बोलणं स्पष्ट होतं. "थोरल्याने नीट केलं. मला वाटलं नव्हतं तो करेल. त्याच्याबद्दल मी मनात वाईट धरून होतो, त्याचीही माफी मागितली."

चिमटीने पहिलं बटण लावलं.

"सोन्याची गोळी पेटीत टाकली तेव्हा आवाज झाला म्हणाला. जड वस्तूचा होतो तसा. शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान वळवून बघितलं म्हणे."

दुसरं बटण. थोरल्याने खोटं इतकं मन लावून सांगितलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती मान कधी वळलीच नव्हती.

"तू होतीस ना बरोबर?"

गप्प बसायचं होतं. हातात अजून तीन बटणं होती, गप्प राहायला तेवढं पुरलं असतं.

"नव्हते," ती म्हणाली.

"मग धाकटा असेल."

"कोणीच नव्हतं, बाबा. कोणी गेलंच नाही. ते दादाच्या कोटाच्या खिशात आहे."

तिने उरलेली बटणं लावली, कॉलर सरळ केली. तिच्या लक्षात आलं की ती त्यांच्याकडून शाबासकीची वाट बघतेय, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"बोलव त्यांना," बाबा म्हणाले.

तिघं खाली आली. धाकट्याने खोलीत पाऊल टाकताच चिमटीच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं. "झालं," तो पुटपुटला. "एवढंसं काम सांगितलं होतं."

"इकडे दे," बाबा थोरल्याला म्हणाले.

"बाबा, आधी माझं ऐकून घ्या. मी देणार नाही असं नाही. पण परिस्थिती—"

"हातात दे."

थोरल्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. गोळी रुमालातून बाबांच्या उजव्या तळव्यावर आली.

त्यांनी हात किंचित वर-खाली केला. पन्नास वर्षांत काट्यावर ठेवण्याआधी ते प्रत्येक वस्तू अशी हाताने तोलत, आणि काटा क्वचितच त्यांना खोटं ठरवी. चिमटी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. कपाळावरची आठी गेली, ओठ सैल पडले. असा चेहरा तिने कामाच्या चौकीवर बसलेल्या बाबांचा पाहिला होता. प्रार्थनेत कधी पाहिला नव्हता. त्यांना ते आवडत होतं. ऐंशीव्या वर्षी, अर्धं अंग गेल्यावर, सगळं कळूनसवरून, हातात सोनं आलं की त्यांना बरं वाटत होतं.

मग त्यांचा अंगठा गोळीच्या एका बाजूवर थांबला.

"ही कापलीय," ते म्हणाले.

"काय?" धाकटा.

"मुशीतून निघते ती गोल निघते. ह्या बाजूला छिन्नीची धार लागतेय. कालचीच. निम्मी असेल."

बाबांनी हे आरोप म्हणून सांगितलं नव्हतं. कारागिराने कारागिराला दोष दाखवावा तसं सांगितलं होतं.

"एवढंच निघालं म्हणालास," धाकटा थोरल्याला म्हणाला. "वाळवी म्हणालास."

"राखवाल्याची मजुरी—"

"त्याची मजुरी मी दिली. माझ्याकडून घेतलीस तू ती, गुरुवारी. दादा, ताईला गप्प बसवायला तू मला पुढे केलंस. माझी खोली, माझी बायको. आणि मलाच निम्म्यातलं निम्मं?"

"तिसरा हिस्सा," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"दुसरी माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "त्यांना ओरडू नका, तोडायला मीच सांगितलं. आणि ती मी देणार नाही. बाबांनाही नाही, वॉर्डालाही नाही. उद्या तिच्या बांगड्या करून घालेन, आणि चर्चला घालून येईन."

थोरल्याने रिकाम्या रुमालाची घडी घातली. त्याच्या लक्षात आलं असावं की ह्या खोलीत आपल्या बाजूने आता कोणी नाही. बायकोही स्वतःच्याच बाजूने आहे.

बाबांनी सुनेकडे पाहिलं. "कुडी मीच उतरवायला लावली होती," ते म्हणाले. "तुझ्याशी भांडायला मला तोंड नाही."

"नाहीच आहे," वहिनी म्हणाली.

दारावर टकटक झाली. चार वाजायला पाच मिनिटं होती. पाळक नेहमी लवकर येत.

ते उखडलेल्या कारखान्यातून, उघड्या पडलेल्या आडव्या तुळया ओलांडत, तोल सांभाळत आत आले. हातात काळी पेटी होती. "बरीच मोडतोड चाललीय," ते हसून म्हणाले. सगळ्यांना नमस्कार केला, थोरल्याला जरा खास, आणि खाटेशेजारच्या तिवईवर पेटी उघडून ताट मांडायला लागले. "म्हणजे काम उरकलं म्हणायचं?"

"उरकलं नाही," बाबा म्हणाले.

पाळकांचा हात थांबला. "मग मी पुढच्या आठवड्यात येऊ?"

डॉक्टरांनी पुढचा आठवडा धरला नव्हता, आणि हे खाटेवरच्या माणसालाही माहीत होतं. सगळं दिल्याशिवाय घेणार नाही, असं तो म्हणाला होता. सगळं आता त्याच्या हाती नव्हतं. निम्मं त्याच्या मुठीत होतं आणि निम्मं चार पावलांवरच्या एका पर्समध्ये, आणि त्या पर्सवर त्याचा काही अधिकार उरलेला नव्हता.

"नको," बाबा म्हणाले. "माझ्याने होईल तेवढं आत्ताच होईल. कमी आहे. तुम्ही हे घ्या, वॉर्डासाठी."

त्यांनी हात पुढे केला, पण मूठ लगेच उघडली नाही. चिमटी नंतर कित्येक दिवस त्या काही क्षणांचा विचार करत राहिली. वयाने बोटं ताठरली होती, की उघडायचीच नव्हती? ती मदतीला वाकली नाही. मदत केली असती तर ते त्यांनी दिलेलं झालं नसतं. एक बोट सुटलं, मग दुसरं. पाळक तिवईवर ओणवे होते, फडक्याची घडी उलगडत. त्यांचा हात पुढे आलाच नाही. तळवा कलंडला. गोळी पांघरुणावरून घसरली, जमिनीवर आपटली आणि खाटेखाली गेली.

"काय पडलं?" पाळकांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही," थोरला म्हणाला.

तो आणि धाकटा एकाच वेळी खाली गेले. थोरल्याचा दुखरा गुडघा जमिनीवर टेकला तेव्हा त्याच्या तोंडून बारीक आवाज निघाला. वहिनी उजेडाच्या आड येत होती, ती एक पाऊल बाजूला सरकली आणि वाकून खाटेखाली बघायला लागली.

पाळक वळले. त्यांना मंडळीचा पंच आणि त्याचा भाऊ बापाच्या खाटेशी गुडघे टेकून, माथी जमिनीला लावून बसलेले दिसले, आणि सून कमरेत वाकलेली. वीस वर्षांत त्यांनी ह्या कुटुंबाला असं एकत्र पाहिलं नव्हतं. त्यांना भरून आलं. त्यांनी नेहमीचे शब्द म्हटले, नेहमीपेक्षा सावकाश, आणि भाकरीचा तुकडा बाबांच्या उघड्या तळव्यावर ठेवला.

चिमटी तेवढी बघत होती. बाबांनी सवयीने हात किंचित वर-खाली केला. तुकड्याला काहीच वजन नव्हतं. त्यांनी तो पुन्हा एकदा तोलला, जणू आपलीच चूक होत असावी, आणि मग तोंडात घातला. चघळायला त्यांना फार वेळ लागला. डोळ्यांतून पाणी चांगल्या बाजूनेच आलं.

"आपण शांतपणे प्रार्थना करू," पाळक म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

खोली शांत झाली. खाटेखालून धाकट्याचा दबका आवाज आला.

"सापडली?"

"हात काढ तिथला," थोरला म्हणाला.